शॉकअप बदलायचेत? दुकानात जाण्याआधी एवढं बघून घ्या

बेळगावातून पहाटे भाजी भरून निघालेला पिकअप जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून गोव्यात उतरतो. जाताना हौदा काठोकाठ भरलेला, येताना नुसते रिकामे क्रेट. घाटातली वळणं, पावसाळ्यात उखडलेला रस्ता आणि वेळेत पोचायची घाई. अशा गाडीचं इंजिन वेळच्या वेळी बघितलं जातं, ब्रेकही बघितले जातात. शॉकअपकडे मात्र गाडी होडीसारखी डुलायला लागेपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही.

मग गॅरेजमध्ये गाडी लागते आणि मेस्त्री सांगतो, "शॉकअप गेलेत, बदला." कुठले घालायचे, तेलाचे की गॅसचे, कंपनीचे की बाहेरचे, दोन की चार, हे प्रश्न तिथं उभ्या उभ्या सुटतात. बहुतेक वेळा दुकानात जो डबा शिल्लक असेल तोच गाडीला लागतो. सहा महिन्यांत तो गळायला लागला की दोष रस्त्याला दिला जातो. रस्त्याचा दोष असतोच, पण प्रत्येक वेळी नाही.

वजन स्प्रिंग उचलते, शॉकअप नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. गाडी मागून बसली, लोड टाकल्यावर चाक मडगार्डला घासायला लागलं, की "शॉकअप कमजोर झाले" असं म्हटलं जातं. प्रत्यक्षात गाडीचं वजन पेलायचं काम स्प्रिंगचं किंवा पाट्यांचं असतं. शॉकअपचं काम वेगळं आहे.

खड्ड्यात चाक गेलं की स्प्रिंग दबते आणि लगेच उसळते. तिला कुणी अडवलं नाही तर ती वर-खाली होतच राहील. त्या उसळीला लगाम घालतो तो शॉकअप. आत तेल भरलेली नळी, त्यात दांड्याला लावलेला पिस्टन आणि पिस्टनला बारीक छिद्रं व झडपा. चाक हललं की पिस्टनला तेलातून वाट काढावी लागते. या अडथळ्यात उसळीची ताकद खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरवर काम करणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. शॉकअप हा त्याच घरातला, फक्त उचलण्याऐवजी अडवणारा.

म्हणून बसलेल्या गाडीला नवे शॉकअप घालून ती उठत नाही. गॅस भरलेल्या शॉकअपने जो किंचित फरक पडतो, तो लोडच्या गाडीत जाणवतही नाही. उंची कमी झाली असेल तर आधी स्प्रिंग किंवा पाटे तपासायला हवेत.

दुसरी बाजू अशी, की शॉकअप मेलेली गाडी उभी असताना अगदी चांगली दिसते. धोका चालताना असतो. चाक रस्त्यावरून उसळून हवेत असतं तेवढा वेळ त्याला पकड नसते. ब्रेक कितीही नवे असले तरी हवेतल्या चाकाला थांबवून गाडी थांबत नाही. उतारावर, ओल्या डांबरावर, वळणात ब्रेक दाबावा लागला तर हाच फरक जिवावर बेततो. चोर्ला असो, आंबोली असो, निपाणीजवळचा तवंदी घाट असो की इंदूरकडचा गणपती घाट, उतार सगळीकडे सारखाच वागतो.

खरंच गेलाय का, आधी खात्री करा

शॉकअप एका दिवसात जात नाही. हळूहळू ढिला होत जातो आणि चालकाचा हात त्याला सरावतो. त्यामुळे खुणा बघाव्या लागतात.

तेल गळणं ही सगळ्यांना माहीत असलेली खूण. पण दांड्याच्या सीलजवळ तेलाचा पातळ थर आणि त्यावर बसलेली धूळ दिसली म्हणजे शॉकअप गेला असं नव्हे. सील ओली राहावी म्हणून थोडं तेल दांड्याबरोबर वर येतंच. नळी खालपर्यंत ओली असेल, पुसल्यावर चार दिवसांत पुन्हा ओघळ येत असेल, तर मात्र तो गळतोय.

दुसरी खूण टायरवर सापडते. टायरवरून हाताचा पंजा फिरवला तर ठरावीक अंतरावर खळगे लागतात. चाक रस्त्यावर एकसारखं न टेकता नाचत असल्याची ही निशाणी. बॅलन्सिंग बिघडलं किंवा बेअरिंग ढिलं असलं तरी अशी झीज होऊ शकते, म्हणून त्या दोन्ही गोष्टीही तपासून घ्याव्यात.

तिसरी गोष्ट चालवताना कळते. ब्रेक दाबताच गाडीचं नाक खाली जाणं, वळणात एका बाजूला जास्त झुकणं, स्पीड ब्रेकरवरून उतरल्यावर दोन-तीन वेळा डुलणं, हायवेवर मोठ्या गाडीने ओव्हरटेक केल्यावर स्टिअरिंग सारखं सांभाळावं लागणं.

कारचा कोपरा दाबून सोडायची जुनी पद्धत गॅरेजमध्ये अजून चालते. सोडल्यावर गाडी वर येऊन स्थिर झाली पाहिजे, पुन्हा पुन्हा हलत राहिली तर शॉकअप संपलाय. पण या परीक्षेत फक्त पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो. अर्धा गेलेला हमखास पास होतो. ट्रक किंवा पाट्यांच्या पिकअपला तर हाताने दाबणं शक्यच नाही.

तिथं ट्रकवाल्यांची एक साधी युक्ती उपयोगी पडते. खराब रस्त्यावर काही किलोमीटर गाडी चालवून सुरक्षित जागी थांबायचं, हँडब्रेक लावून चाकांना दगड लावायचे आणि शॉकअपच्या खालच्या नळीजवळ हात नेऊन बघायचं. काम करणारा शॉकअप गरम होतो. एकाच ॲक्सलवरचा एक गरम आणि दुसरा थंड असेल, तर थंडवाला काम करत नाही. नळी चांगलीच तापलेली असू शकते, म्हणून थेट पकडू नये.

आता पैसे वाचवणारा मुद्दा. "खट-खट" आवाज येतो म्हणून शॉकअप बदलायची घाई नको. छोट्या खड्ड्यांवर येणारा आवाज बहुतेक वेळा लिंक रॉड, लोअर आर्मचा बुश, बॉल जॉइंट किंवा स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचा असतो. यातले बरेच भाग शॉकअपच्या मानाने स्वस्त असतात. गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक सांधा लोखंडी पट्टीने हलवून दाखवायला मेस्त्रीला सांगावं. जो भाग हलताना दिसेल तो बदलायचा.

किती किलोमीटरनंतर बदलावेत याचं एकच उत्तर नाही. चांगल्या रस्त्यांसाठी साधारण ८०,००० किलोमीटरचा आकडा सांगितला जातो. घाट, कच्चे रस्ते आणि ओव्हरलोड असेल तर त्याच्या कितीतरी आधी वेळ येऊ शकते. दर २०,००० किलोमीटरला एक नजर टाकली तर पुरे.

मॉडेलचं नाव पुरत नाही

"स्विफ्टचे पुढचे दोन द्या" एवढ्यावर शॉकअप घेऊ नये. एकाच नावाच्या गाडीत बरंच काही वेगळं असतं. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे पुढची स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे असू शकतात. कंपनीतून सीएनजी बसवून आलेल्या गाडीला मागे टाकीचं वजन धरून वेगळी जोडी दिलेली असू शकते. मॉडेलची पिढी बदलली की बोल्टची जागा बदलते. पुढच्या स्ट्रटमध्ये डावा-उजवा असाही फरक असतो.

यावर उपाय सोपा आहे. आरसी बुकावरचा चॅसिस नंबर आणि गाडीचा महिना-वर्ष घेऊन जावं आणि त्यावरून पार्ट नंबर काढायला सांगावं. जुन्या शॉकअपवर नंबर वाचता येत असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

नंबर मिळतच नसेल, तर मापं घ्यावी लागतात. दांडा पूर्ण बाहेर असताना लांबी किती, पूर्ण आत असताना किती, दोन्ही टोकांना कडी आहे की दांडा, आणि बुशच्या आतलं भोक किती मिलिमीटर. यात लांबीची चूक महागात पडते. शॉकअप लांब असला तर चाक वर आल्यावर जंपिंग रबर लागायच्या आधीच आत आदळतो. आखूड असला तर चाक खाली गेल्यावर ताणला जाऊन कडी तुटते. दोन्हीकडे शॉकअप मरतोच, पण आधी माउंटिंग फाटतं.

तेलाचा की गॅसचा?

गॅसच्या शॉकअपमध्येही तेल असतंच. अडवायचं काम तेलच करतं, गॅस त्या तेलावर दाब ठेवतो.

साध्या तेलाच्या शॉकअपमध्ये दोन नळ्या असतात. आतल्या नळीत पिस्टन चालतो, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि वर हवा. सतत आदळआपट झाली की तेल तापतं, हवेत मिसळतं आणि फेस होतो. फेसातून पिस्टन विनाअडथळा धावतो, म्हणजे शॉकअप तेवढ्या वेळेपुरता गायब. खराब रस्त्याच्या पंधराव्या किलोमीटरला गाडी जास्त उडायला लागते, त्याचं एक कारण हे.

या दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये हवेऐवजी कमी दाबाचा नायट्रोजन भरला की फेस कमी होतो. बाजारात "गॅस शॉकअप" म्हणून मिळणारे बहुतेक याच जातीचे. रोजच्या कारसाठी आणि घाटात फिरणाऱ्यांसाठी हा सरळ, परवडणारा पर्याय आहे.

तिसरा प्रकार एकाच जाड नळीचा. त्यात तरंगता पिस्टन तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन वेगळे ठेवतो. फ्रेंच संशोधक ख्रिश्चन बूर्सिए द कार्बन यांच्या कल्पनेवरचा हा शॉकअप जर्मनीच्या बिलस्टीन कंपनीने १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांना दिला. नळी एकच असल्याने उष्णता थेट बाहेर जाते आणि लांबच्या खराब रस्त्यावरही पकड टिकते. पण किंमत जास्त, बसायला कडक वाटतो, आणि दगड लागून नळीला पोचा आला तर आतला पिस्टन तिथंच अडकतो.

एक नियम मात्र पाळायलाच हवा. एका ॲक्सलवर दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचे, एकाच कंपनीचे शॉकअप हवेत. डावीकडे गॅसचा आणि उजवीकडे तेलाचा, असं चालत नाही.

कडक म्हणजे चांगला नव्हे

पिकअप आणि टेम्पोवाल्यांमध्ये "हेवी ड्यूटी" या शब्दाला फार मान आहे. पण गोव्याला भरून गेलेली गाडी रिकामी परत येते हे विसरता कामा नये. भरल्या गाडीला साजेसा कडक शॉकअप रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांना खडबडीत रस्त्यावर टिकू देत नाही. पावसात रिकाम्या पिकअपची मागची बाजू वळणात सरकते, ती या जोडीने आणखी वाढते. दोन्ही फेऱ्या धरून विचार केला तर कंपनीने दिलेल्या मापाच्या, त्याच गटातल्या शॉकअपपासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

मागे जादा पाटा टाकला असेल तर गोष्ट बदलते. पाटे कडक झाले की उसळी जोरात येते आणि जुना शॉकअप तिला पुरा पडत नाही. अशा गाडीला परत येणारी उसळी जास्त ताकदीने अडवणारा शॉकअप लागतो. पण पाटे वाढवल्याने गाडीची कागदावरची क्षमता वाढत नाही आणि ॲक्सल, ब्रेक, टायर होते तेवढेच राहतात, हेही लक्षात हवं.

बऱ्याच जड ट्रकांना शॉकअप फक्त पुढच्या ॲक्सलला असतात. मागच्या जाड पाट्यांचं एकमेकांवरचं घर्षणच उसळी बऱ्यापैकी मारतं. त्यामुळे पुढचे दोन गेले की केबिन हबकायला लागते, चालकाची पाठ धरते आणि पुढचे टायर खळगे पडून जातात. टायरची जोडी आणि शॉकअपची जोडी यांच्या किमती शेजारी ठेवल्या की आधी काय बदलायला हवं होतं ते कळतं.

एअर सस्पेन्शनच्या बस किंवा ट्रकमध्ये जास्त काळजी हवी. तिथं अनेक गाड्यांत चाक किती खाली जाईल ते शॉकअपच रोखतो. चुकीच्या लांबीचा शॉकअप लागला तर हवेचा फुगा ताणून फाटू शकतो. अशा गाडीला "जवळपास बसतो" असला माल चालत नाही.

कंपनीचा, बाहेरचा की रिकंडिशन?

गाडी बनवणारी कंपनी शॉकअप स्वतः बनवत नाही, ते शॉकअपच्या कारखान्यातून येतात. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून या धंद्यात आहे आणि तिचे कारखाने चाकण, नाशिक आणि इंदूरजवळच्या देवासमध्येही आहेत. मोनरो, केवायबी, सॅक्स, बिलस्टीन ही परदेशी नावंही भारतात मिळतात. त्यामुळे गाडीच्या कंपनीच्या डब्यात आणि शॉकअप कंपनीच्या डब्यात कधी कधी एकाच कारखान्याचा माल असतो, किंमत मात्र वेगळी. पण आतल्या झडपांची जुळणी तीच आहे की नाही, हे पार्ट नंबरवरूनच ठरवावं, डब्याच्या रंगावरून नव्हे.

नकली माल ओळखायचा तर छापील एमआरपी, बॅच नंबर, बनवल्याचा महिना, स्क्रॅच कोड किंवा होलोग्राम आणि शॉकअपच्या अंगावरचा नंबर बघावा. डब्यावरचा आणि अंगावरचा नंबर जुळला पाहिजे. दांड्यावरचा क्रोम आरशासारखा हवा, त्यावर ओरखडा नको.

बिल घ्यायलाच हवं. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यामुळे कोल्हापूर, बेळगाव आणि पणजीत एकाच पार्टवर कराचा दर एकच आहे. पूर्वी राज्य बदललं की कर बदलायचा, म्हणून सीमेपलीकडे जाऊन पार्ट आणायची सवय होती. आता फरक राहिला तो दुकानदाराच्या सवलतीचा. त्या सवलतीसाठी बिल सोडलं तर वॉरंटीही सुटते. लांबच्या गावातून पार्ट घेताना वॉरंटीचा दावा जवळच्या डीलरकडे चालेल का, हे आधीच विचारून घ्यावं.

रिकंडिशन मालाचं आकर्षण किमतीत आहे. जुना शॉकअप उघडून सील बदलायची, तेल भरायचं, वरून काळा रंग मारायचा. पण आतल्या झिजलेल्या झडपा तशाच राहतात, आणि कुठल्या जाडीचं तेल भरलं ते कुणी सांगत नाही. नायट्रोजन भरायला वेगळी यंत्रणा लागते, ती सगळीकडे नसते. शिवाय दाबाखालचा गॅस शॉकअप कापणं किंवा त्याला वेल्डिंग लावणं म्हणजे जिवाशी खेळ. शेतात चालणाऱ्या जुन्या गाडीपुरतं ठीक, घाटात माणसं आणि माल नेणाऱ्या गाडीला रिकंडिशन नको.

नवा शॉकअप लवकर का मरतो?

चांगला माल घेऊनही काही महिन्यांत गळती सुरू झाली, तर बसवण्यातल्या चुका शोधाव्यात. त्या ठरलेल्या आहेत.

पहिली चूक, एकच बदलणे. एका ॲक्सलचे दोन्ही सोबत बदलावेत. चारही एकदम बदलायची सक्ती नाही; पुढचे चांगले असतील तर मागचे दोन पुरेत.

दुसरी, जुनं जंपिंग रबर आणि डस्ट कव्हर तसंच ठेवणे. फाटक्या कव्हरमधून घाटातला लाल चिखल दांड्यावर बसतो, दांडा सीलमधून वर-खाली होताना सील कापली जाते. फुटलेलं रबर शॉकअपला शेवटच्या टोकापर्यंत आदळू देतं. स्ट्रट बदलताना वरचं माउंटिंग आणि बेअरिंगही बघावं, कारण तेवढ्यासाठी नंतर पुन्हा सगळं खोलावं लागतं.

तिसरी, नट आवळताना दांडा पकडीने धरणे. पकडीच्या दातांनी क्रोमवर उठलेला चरा पुढच्या प्रत्येक फेरीत सील फाडतो.

चौथी, चाक लोंबकळत असताना बुशचे बोल्ट पूर्ण आवळणे. मग गाडी खाली आल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट हलके लावून, गाडी चाकांवर उभी करून मगच शेवटचं आवळायचं.

पाचवी, दोन नळ्यांचा शॉकअप डब्यातून काढून थेट लावणे. आडवा पडून असल्याने आतल्या नळीत हवा शिरलेली असते. तो उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून-ओढून हवा काढावी लागते.

पुढच्या स्ट्रटचं काम घरी करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात-तोंड फुटू शकतं. स्प्रिंग दाबायचं योग्य हत्यार असलेल्या गॅरेजमध्येच गाडी द्यावी. स्ट्रट उतरवला की अलाइनमेंट हलते, त्यामुळे काम झाल्यावर अलाइनमेंट करूनच गाडी बाहेर काढावी. आठवड्याभराने बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत.

जुने शॉकअप परत मागून घ्यावेत. एक तर बदललेत याची खात्री होते. दुसरं, दोन्ही उभे धरून हाताने दाबून बघता येतात. दांडा आत जाताना आणि बाहेर येताना एकसारखा जोर लागला पाहिजे. मध्येच एकदम मोकळा धावला, तर तो खरंच गेला होता. दोन्ही टणक आणि कोरडे निघाले, तर पुढच्या वेळी कुठल्या गॅरेजमध्ये जायचं ते ठरवायला एवढं पुरे.